मोठा खेळाडू व्हायचं राहिलं, मग मोठा मास्तर झाला!

बोरी अरब : आधी एक प्रश्न. ज्या खेळावर, ज्या कलेवर किंवा ज्या विषयावर तुमचं मनापासून प्रेम आहे, त्यात आपण कधीच टॉपला जाणार नाही, हे तुम्हाला एका झटक्यात कळलं तर काय कराल? चिडाल? सोडून द्याल? की 'मला तसंही त्यात इंटरेस्ट नव्हता' असं म्हणत घरी जाल?

हसू नका. हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. जिल्हा संघाच्या निवडीत येतो, पोलिस भरतीच्या सोळाशे मीटरमध्ये येतो, युवा महोत्सवाच्या स्टेजवर येतो आणि एमपीएससीच्या निकालाच्या यादीत तर येतोच येतो. आज ज्या माणसाची गोष्ट सांगतेय, त्याच्यापुढे हा प्रश्न एका गोल्फच्या मैदानावर आला. त्याचं नाव हार्वे पेनिक. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला. जाऊन तीस वर्षं झाली, पण जगात जिथे जिथे गोल्फ शिकवतात, तिथे आजही त्याचं नाव निघतंच.

आता तुम्ही म्हणाल, गोल्फ? अन् आपल्या दारव्हा तालुक्यात? बरोबर आहे. आपल्याकडे कापूस, तूर आणि सोयाबीन. गोल्फ आपण पाहिला तो टीव्हीवर चॅनल बदलता बदलता. भारतात हा खेळ काही नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे आणि मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब १९२७ चा. पण हा खेळ कायम कुंपणाच्या आतच राहिला, म्हणून आपल्यापर्यंत आला नाही. तरी ही गोष्ट शेवटपर्यंत वाचा. कारण ती गोल्फची कमी आणि तुमची-माझी जास्त आहे.

दोन मिनिटांत गोल्फ

ज्यांना अजिबात माहीत नाही, त्यांच्यासाठी. एक लहानसा पांढरा चेंडू असतो. तो काठीने मारत मारत दूरवरच्या हिरवळीत खणलेल्या भोकात घालायचा. भोकाची रुंदी सव्वाचार इंच. अशी अठरा भोकं. सगळ्यांत कमी फटक्यांत जो अठरा पूर्ण करेल, तो जिंकला. काठीला क्लब म्हणतात. लांब फटक्याची काठी वेगळी, जवळच्या फटक्याची वेगळी आणि हिरवळीवर चेंडू हळूच ढकलायची, म्हणजे पटिंगची, आणखी वेगळी. नियमाने एका खेळाडूला १४ काठ्याच नेता येतात. हा १४ चा आकडा लक्षात ठेवा, शेवटी कामी येणार आहे.

या काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन खेळाडूच्या मागे चालणारा एक माणूस असतो. तो कॅडी. अंतर सांगणं, काठी पुसून देणं, चेंडू शोधणं ही त्याची कामं. आपल्या गोष्टीची सुरुवात अशाच एका कॅडीपासून होते.

आठ वर्षांचा कॅडी

हार्वेचा जन्म २३ ऑक्टोबर १९०४ चा, टेक्सासची राजधानी ऑस्टिन इथला. घर साधं होतं. थोरला भाऊ गोल्फ क्लबवर कॅडीचं काम करायचा. त्याच्या मागोमाग आठ वर्षांचा हार्वेही ऑस्टिन कंट्री क्लबवर जायला लागला. तिथे पैसेवाले लोक खेळायला यायचे आणि हा पोरगा त्यांच्या पिशव्या उचलायचा.

आता विचार करा, दिवसभर दुसऱ्याचा खेळ बघत चालायचं, याचा फायदा काय? हार्वेला तो झाला. कोण काठी कशी धरतो, कोण घाईत मारतो, कुणाचा फटका चुकल्यावर चेहरा कसा पडतो, पैज लागली की कुणाचे हात थरथरतात, हे सगळं तो रोज बघत होता. सोबत मिळेल त्या वेळेत स्वतःही खेळत होता. पुढे क्लबच्या दुकानात काठ्या दुरुस्त करण्याचं आणि मदतनिसाचं काम मिळालं. हायस्कूल संपलं आणि १९२३ साली त्याच क्लबने त्याला मुख्य प्रोफेशनल नेमलं. म्हणजे खेळ शिकवणारा, दुकान सांभाळणारा आणि मैदानावर लक्ष ठेवणारा माणूस. वय पूर्ण एकोणीसही नव्हतं.

पिशवी उचलणारा पोरगा त्याच क्लबचा मुख्य मास्तर झाला. इथून पुढे आपणही त्यांना 'ते' म्हणूया.

एक फटका ऐकला आणि...

पण पेनिक यांच्या मनात वेगळंच होतं. त्या काळात अमेरिकेत व्यावसायिक गोल्फपटू गावोगावच्या स्पर्धा खेळत फिरायचे. बक्षिसाचे पैसे फार नव्हते, पण नाव व्हायचं. पेनिक चांगले खेळायचे. क्लबची नोकरी सांभाळून तेही अधूनमधून स्पर्धांना जायचे. १९३१ पासून टेक्सास विद्यापीठाच्या गोल्फ संघाला शिकवण्याचं कामही त्यांच्याकडे आलं होतं. तरी आपण मोठ्या खेळाडूंमध्ये नाव कमवावं, ही इच्छा मनात होतीच.

मग १९३० च्या दशकातच ह्यूस्टनची एक स्पर्धा आली. पेनिक तिथे खेळायला गेले होते. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातून एक नवा पोरगा आलाय, त्याचा फटका बघण्यासारखा आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. पेनिक बघायला गेले. त्या पोराने चेंडू मारला. आधी आवाज आला, बंदुकीचा बार उडावा तसा. चेंडूही तसाच गोळीसारखा सुटला.

तो पोरगा होता सॅम स्नीड. पुढे त्याने अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर ८२ स्पर्धा जिंकल्या. इतक्या जिंकणारा त्याच्या जोडीला आजवर एकच, टायगर वूड्स. अर्थात तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. पण पेनिक यांना त्या एका आवाजात कळायचं ते कळलं. आपण कितीही घासलं तरी हा आवाज आपल्या काठीतून निघणार नाही.

इथे थांबून बघा. या जागी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक, खोटी आशा धरून आणखी दहा वर्षं घालवतात. दोन, त्या खेळाचं तोंडही बघत नाहीत. पेनिक यांनी तिसरी गोष्ट केली. खेळाडू म्हणून मोठं होण्याचा नाद त्यांनी सोडला, पण खेळ सोडला नाही. आपल्याला खरं काय जमतं, हे त्यांनी स्वतःला विचारलं. उत्तर समोरच होतं. लहानपणापासून ते दुसऱ्यांचे फटके बघत आले होते. दुसऱ्याची चूक त्यांना लवकर दिसायची आणि ती न दुखावता सांगताही यायची. ते ऑस्टिनला परतले आणि शिकवणं हेच आपलं काम मानून त्याला लागले.

त्या दिवशी त्यांना वाईट वाटलं नसेल का? वाटलं असणारच. पण पुढची पन्नास-साठ वर्षं पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. शिकवण्याकडे त्यांनी दुय्यम काम म्हणून कधी पाहिलं नाही. 'मला खेळाडू व्हायचं होतं, पण...' असं रडगाणं विद्यार्थ्यांपुढे गायलं नाही.

बादली, गोळी आणि शब्द

आता त्यांची शिकवण्याची पद्धत बघा. आपल्याला शिकवणाऱ्या प्रत्येकाने बघावी अशी आहे.

गोल्फचा फटका शिकवणं म्हणजे मोठी भानगड. खांदा किती वळवायचा, मनगट कधी मोडायचं, वजन कोणत्या पायावर कधी टाकायचं. हे सगळं एकदम सांगितलं तर शिकणारा जागच्या जागी दगड होतो. पेनिक असं सांगायचेच नाहीत. ते चित्र द्यायचे. समजा तुमच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेली बादली आहे. ती पाणी न सांडता मागे-पुढे झुलवा. झालं, हाच झोका. जनावरांना पाणी पाजायला बादल्या वाहिलेल्या आपल्या पोरांना हे एका मिनिटात कळेल. तण कापायची लांब दांड्याची काठीही ते शिकणाऱ्याच्या हातात द्यायचे आणि गवत कापायला लावायचे. शरीर आपोआप बरोबर वळायचं. डोक्याला पत्ता नसायचा, पण अंगाला कळलेलं असायचं.

दुसरी गोष्ट औषधाची. विद्यार्थ्याला एखादी सुधारणा सांगितली की तो उत्साहाने ती दहापट करतो. पकड जरा सैल कर म्हटलं तर काठीच हातातून निसटते. म्हणून पेनिक बजावायचे की मी डोकेदुखीची एक गोळी सांगितली तर एकच घ्यायची, अख्खी बाटली संपवायची नाही. त्यामुळे एका वेळी एकच छोटा बदल. तो मुरला की पुढचा.

तिसरी गोष्ट शब्दांची. शिकणाऱ्याला काय करू नको, हे सांगण्यापेक्षा काय कर, हे सांगायचं, यावर त्यांचा भर असायचा. पाण्यात चेंडू घालू नकोस म्हटलं की डोक्यात फक्त पाणीच राहतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पेपरला जाताना घरचे 'घाबरू नको' म्हणतात आणि तेव्हाच पोटात गोळा येतो, तसंच. एखादी गोष्ट कोणत्या शब्दांत सांगावी, यावर पेनिक फार विचार करायचे. फटका मारण्याआधी मनातले सगळे हिशेब बाजूला ठेवून फक्त जिथे चेंडू पोहोचवायचा आहे, तिथे चित्त लावायचं, हा त्यांचा सगळ्यांत आवडता धडा होता.

आणि चौथी गोष्ट, सुरुवात भोकापासून. नवख्याला लांब फटका मारायची घाई असते. पेनिक त्याला आधी भोकाजवळ उभं करायचे. हळूच ढकल, आत गेला की मागे सरक. म्हणजे पहिल्याच दिवशी चेंडू भोकात जाताना दिसायचा. शिकणाऱ्याला आधी यश दिसलं पाहिजे, हे त्यामागचं साधं गणित.

खोलीचं दार बंद का?

पेनिक यांनी १९३१ ते १९६३ अशी ३३ वर्षं टेक्सास विद्यापीठाच्या संघाला शिकवलं आणि त्या संघाने आपल्या विभागाचं विजेतेपद वीसहून जास्त वेळा जिंकलं. विद्यापीठाचं काम एकीकडे, क्लबचं दुसरीकडे. क्लबवर हौशी म्हातारे यायचे, नवशिकी मुलं यायची, नामांकित खेळाडू यायचे. सगळ्यांसाठी एकच मास्तर.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींची यादी वाचली तर थक्क व्हाल. बायकांचा व्यावसायिक दौरा अमेरिकेत १९५० साली सुरू झाला. त्याच्या संस्थापकांपैकी बेटी जेमसन ही पेनिक यांची विद्यार्थिनी. टेक्सास विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेली बेट्सी रॉल्स हिने अमेरिकेची महिला ओपन स्पर्धा चार वेळा जिंकली. मिकी राइटने दौऱ्यावर ८२ स्पर्धा जिंकल्या. आणि कॅथी व्हिटवर्थने ८८! अमेरिकेच्या मुख्य दौऱ्यांवर एवढ्या स्पर्धा आजवर कुणी जिंकलेल्या नाहीत, ना बाईने ना पुरुषाने.

कॅथीची गोष्ट तर आपल्याच एखाद्या गावातली वाटते. ती न्यू मेक्सिको राज्यातल्या जॅल नावाच्या छोट्या गावची. तिथल्या मास्तरांनी एक दिवस कबूल केलं की माझ्याजवळचं सगळं शिकवून झालं, आता तू ऑस्टिनला पेनिककडे जा. मग आई गाडी चालवायची आणि मायलेकी कित्येक तासांचा प्रवास करून शिकायला यायच्या. परतल्यावर गावच्या मास्तरांनी तोच धडा घटवून घ्यायचा. कॅथी मोठी झाली त्यात त्या गावच्या मास्तरांचाही मोठा वाटा आहे. आपलं संपलं, हे विद्यार्थ्याला सांगायला मोठं मन लागतं.

पुरुषांमध्ये दोन नावं कायम जोडीने घेतली जातात, टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ. दोघंही ऑस्टिनमध्ये वाढले, वयात जेमतेम दोन वर्षांचं अंतर. बेन लहान असताना पेनिक यांनी त्याला पहिल्यांदा हिरवळीच्या दिशेने चेंडू मारायला सांगितलं. त्याने मारला आणि चेंडू हिरवळीवर जाऊन बसला. आता जा आणि भोकात घाल, असं मास्तर म्हणाले. पोराने उलट विचारलं की भोकातच घालायचा होता तर आधी का नाही सांगितलं! असा तो उपजत गुणांचा. टॉमचा स्वभाव वेगळा, तासन् तास घाम गाळणारा.

पेनिक यांनी काय केलं असेल? टॉमला शिकवताना बेनला जवळ थांबू दिलं नाही आणि बेनला शिकवताना टॉमला. एकाचं औषध दुसऱ्याने घ्यायला नको म्हणून. टॉमने हवा तेवढा सराव करावा. बेनने मात्र जास्त सराव करून चांगल्या झोक्यात नसती दुरुस्ती करू नये, याची काळजी ते घ्यायचे. आपल्याकडे काय होतं? शेजारच्या पोराने बारा तास अभ्यास केला, मग तूही कर. मैत्रिणीने अमुक क्लास लावला, मग मलाही तोच. पेनिक यांच्या हिशेबात असं चालत नव्हतं. १९७२ साली अमेरिकेच्या विद्यापीठांमधली वैयक्तिक स्पर्धा झाली तेव्हा हे दोघंही पहिल्या क्रमांकावर बरोबरीत राहिले. मास्तर एक, पद्धती दोन, निकाल सारखा.

कुंपणाबाहेरचे कॅडी

ही गोष्ट इथे फार गोड होत चाललीय. म्हणून एक कडू गोष्टही सांगायला हवी.

पेनिक कॅडीचे मास्तर झाले, कारण ते हुशार आणि कष्टाळू होते. हे खरंच. पण ते गोरे होते, हेही तितकंच खरं. त्याच काळात अमेरिकेत हजारो काळी मुलं कॅडीचं काम करत होती, तीही खेळ तितक्याच बारकाईने बघत होती. पण अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेतच १९३४ पासून सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी असल्याचं कलम होतं. ते निघायला १९६१ साल उजाडावं लागलं. त्यांच्यातले किती जण पेनिक होऊ शकले असते, याचा हिशेब कुठेच नाही.

आपल्याला हे नवीन नाही. पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर महिना चार रुपयांत खेळपट्टी झाडणारे, रोलर फिरवणारे पळवणकर बाळू आठवा. साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकता टाकता ते देशातले मोठे फिरकी गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी चहा त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा आणि हिंदू संघाचं कर्णधारपद जातीमुळे शेवटपर्यंत मिळालं नाही. गोल्फमध्येही दिल्लीच्या क्लबवरच्या कॅडीच्या घरातला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला, तेव्हा ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. म्हणजे गुण पिशवी उचलणाऱ्यांतही होते, फाटक उघडायला उशीर झाला. पेनिक यांच्याकडून शिकताना हे विसरायचं नाही.

कुलूपबंद लाल वही

आता वळूया त्या वहीकडे, जिच्यामुळे पेनिक जगाला माहीत झाले.

तरुणपणापासून त्यांना एक सवय होती. शिकवताना काही नवं लक्षात आलं की एका लाल रंगाच्या साध्या वहीत टिपून ठेवायचं. कोणत्या विद्यार्थ्याला कोणता शब्द लागू पडला, कोणती युक्ती फसली, कोणती चालली. अशी साठ वर्षं टिपणं साठली. वही कुलपात असायची. मुलगा टिन्सली सोडला तर ती कुणाला वाचायला मिळाली नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पेनिक निवृत्त झाले आणि क्लबचं मुख्य प्रोफेशनल पद याच टिन्सलीकडे आलं. वहीही त्यालाच द्यायची, असं ठरलेलं होतं.

निवृत्त झाले तरी शिकवणं थांबलं नाही. पाठीचं दुखणं फार वाढलं होतं. झाडाखाली छोट्या गाडीत बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फटके बघायचे. १९८९ साली अमेरिकेतला वर्षाचा सर्वोत्कृष्ट गोल्फ शिक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला, तेव्हा वय होतं जवळजवळ ८५. मग १९९१ मध्ये त्यांच्या मनाने घेतलं की हे ज्ञान कुलपात ठेवणं बरोबर नाही. ऑस्टिनमधलेच लेखक बड श्रेक यांच्या हातात त्यांनी वही ठेवली.

प्रकाशकाशी बोलणं झालं. ९० हजार डॉलर ठरल्याचं श्रेक यांनी कळवलं. मास्तर रात्रभर काळजीत! आजारपणात आधीच इतका खर्च झालाय, आता पुस्तक छापायला एवढे पैसे आणायचे कुठून? शेवटी श्रेक यांना समजावून सांगावं लागलं की पैसे तुम्ही द्यायचे नाहीत, प्रकाशक तुम्हाला देणार आहे. आयुष्यभर देण्याचीच सवय असलेल्या माणसाला कुणी आपल्याला देईल, हे सुचलंच नव्हतं.

'हार्वे पेनिक्स लिटल रेड बुक' १९९२ मध्ये आलं. छोटे छोटे धडे, सोपी भाषा. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि खेळावरच्या सगळ्यांत जास्त खपलेल्या पुस्तकांत त्याची गणना झाली. गोल्फ न खेळणाऱ्यांनीही ते वाचलं. त्याच वर्षी टॉम काइटने यूएस ओपन जिंकली. वयाच्या ८७ व्या वर्षी आपला माणूस जगप्रसिद्ध झाला.

पंधरावी काठी

१९९५ चा मार्च. पेनिक अंथरुणाला खिळलेले. बेन क्रेनशॉ भेटायला आला. तोही आता ४३ वर्षांचा, फॉर्म पार गेलेला. म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला काठी आणायला लावली आणि पलंगावर पडल्या पडल्या, खोलीतल्या गालिच्यावर पटिंगचा धडा दिला. स्वतःवर भरवसा ठेव, हा त्याचा सारांश. तो त्यांचा बेनला दिलेला शेवटचा धडा ठरला.

२ एप्रिल १९९५, रविवार. त्या दिवशी डेव्हिस लव्ह नावाच्या खेळाडूने न्यू ऑर्लिन्सची स्पर्धा जिंकली. त्याचे वडील पेनिक यांचे विद्यार्थी होते. ही बातमी मास्तरांच्या कानावर घातली गेली आणि त्याच दिवशी, नव्वदाव्या वर्षी, ते गेले.

तो आठवडा मास्टर्स स्पर्धेचा. गोल्फमधली ही फार मानाची स्पर्धा, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे होते. स्पर्धा तोंडावर असताना काइट आणि क्रेनशॉ दोघंही सराव टाकून बुधवारी ऑस्टिनला आले. मास्तरांना खांदा दिला आणि रात्री परत गेले. गुरुवारी खेळ सुरू.

पुढचं खरं वाटत नाही, पण खरं आहे. ज्या क्रेनशॉकडून कुणालाच आशा नव्हती, तो चार दिवस खेळत राहिला. सोबत त्याचा कॅडी कार्ल जॅक्सन. ऑगस्टाच्या मैदानावर पोरवयापासून काम केलेला कृष्णवर्णीय माणूस. त्या आठवड्यात चेंडू पायांच्या मध्ये किंचित मागे घे आणि खांदा नीट वळव, एवढीच छोटी सूचना त्याने बेनला केली. एक गोळी, बाटली नाही! ९ एप्रिलला बेन क्रेनशॉ एका फटक्याच्या फरकाने मास्टर्स जिंकला. दुसरा आला तो डेव्हिस लव्ह.

शेवटचा चेंडू भोकात गेल्यावर क्रेनशॉ तिथेच कमरेत वाकून रडायला लागला आणि कार्लने त्याला धरलं. हा फोटो शोधून नक्की बघा. नंतर क्रेनशॉ सांगायचा की त्या आठवड्यात त्याच्या पिशवीत १४ नव्हे, १५ काठ्या होत्या. पंधरावी म्हणजे हार्वे.

२००२ साली पेनिक यांना जागतिक गोल्फच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. खेळाडू म्हणून मोठं नाव न कमावलेला हा माणूस आता सॅम स्नीडच्याच पंगतीत बसलाय.

मग आपण काय करायचं?

मला माहितीय, सगळ्यांनी मास्तर व्हावं असा याचा अर्थ नाही. आणि पहिल्या अपयशात मैदान सोडावं, असा तर अजिबात नाही. पेनिक आधी वर्षानुवर्षं खेळले, स्पर्धांना गेले, स्नीडचा फटका स्वतः जाऊन ऐकला आणि मग ठरवलं. न खेळताच हरलो म्हणणं वेगळं आणि पूर्ण खेळून वाट बदलणं वेगळं.

आमच्याकडे पहाटे भरतीची पोरं धावायला येतात. त्यात एक दादा आहे. दोनदा थोडक्यात राहिला, आता वय निघून गेलंय. तरी तो रोज येतो. मोबाइलवर वेळ लावतो, कोण शेवटच्या चारशे मीटरला ढेपाळतो ते बघतो, कुणाला बूट बदलायला सांगतो. गावात काही जण त्याला रिकामटेकडा म्हणतात. खरं सांगायचं तर आधी मलाही तसंच वाटायचं.

पेनिक यांच्याविषयी वाचल्यावर मी त्याला जाऊन विचारलं की पोरांच्या वेळा कुठे लिहून ठेवतोस का. नाही म्हणाला, डोक्यातच आहेत सगळ्या. दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून एक शंभर पानी वही घेऊन त्याला दिली. लाल कव्हरची नव्हती, निळीच मिळाली. परवा बघितलं तर पहिली चार पानं भरली होती.

तुमच्याही गावात, कॉलेजात, तालमीत असा एखादा दादा किंवा ताई असेल. उद्या त्यांना भेटा. आणि तो दादा किंवा ताई तुम्हीच असाल, तर वही आजच घ्या.